हरलेला दावा आणि अपिलाची वाट

कांहीं वर्षांपूर्वीं गडहिंग्लजच्या बाजारपेठेंतील एका दुकानांत सांडलेल्या तेलावरून पाय घसरून माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांच्या मांडीचें हाड मोडलें. दुकानदाराच्या निष्काळजीपणाबद्दल त्यांनीं भरपाईचा दावा लावला. परंतु तेल किती वेळ तेथें पडून होतें हें शाबीत झालें नाहीं, आणि दावा खर्चासह फेटाळला गेला. निकालाची नक्कल घेऊन ते काठी टेकीत मजकडे आले व म्हणाले, "सर, जिल्हा न्यायालयांत अपील करावयास तीसच दिवस आहेत. कायदा काय तो वकील सांगतात. योग्य काय तें तुम्ही सांगा."

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यांत व्यवहारज्ञान पुष्कळ आहे; पण सर्वच शहाणे घरीं बसले, तर बेफिकीर माणसाचें फावतें, हा तिचा दुसरा अर्थ आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. उलट, 'शेवटपर्यंत लढेन' या वृत्तींत न्यायप्रीति किती आणि अहंकार किती, हें लढणाऱ्यासही नेहमींच कळतें असें नाहीं.

स्कॉटलंडमधील पेझ्ली गांवीं १९२८ सालीं मे डोनह्यू नांवाच्या एका गरीब बाईनें, मैत्रिणीनें विकत घेऊन दिलेल्या पेयाच्या बाटलींत कुजलेली गोगलगाय निघाली व आपण आजारी पडलों, अशी तक्रार केली. पैसे मैत्रिणीचे, तेव्हां बाईचा करार दुकानदाराशीं नाहीं, आणि कारखानदाराशीं तर नाहींच. एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयांत ती हरली. आपण निर्धन असल्याचें शपथेवर सांगून तिनें लंडनच्या लॉर्ड्स सभेकडे अपील केलें, आणि २६ मे १९३२ रोजीं तीन विरुद्ध दोन मतांनीं तें मान्य झालें. आपल्या हयगयीनें ज्यास इजा पोंचेल हें आधींच दिसावयास हवें, तो कायद्याच्या दृष्टीनेंही आपला शेजारी होय, हें तत्त्व लॉर्ड अ‍ॅट्किन यांनीं त्या वेळीं मांडलें. बाटलींत गोगलगाय होती कीं नव्हती, हें मात्र कोणत्याच न्यायालयांत शाबीत झालें नाहीं. प्रकरण पुढें आपसांत मिटलें. म्हणजे अपिलानें बाईचें खरेंपण ठरलें नाहीं. परक्याविषयींचें सर्वांचें कर्तव्य ठरलें.

पण या वाटेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयांत १९६३ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं पोटांत फडकें राहून एक प्रसूता दगावली. खालच्या न्यायालयानें तिच्या घरच्यांस ३६,००० रुपये देवविले, उच्च न्यायालयानें तो हुकूम फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयानें तो पुन्हा कायम केला, तेव्हां १९९६ साल उजाडलें होतें. तेहतीस वर्षांनीं मिळालेल्या न्यायास न्याय म्हणावें. पण त्यास सांत्वन म्हणवत नाहीं.

म्हणून त्या गृहस्थांस मीं एकच विचारलें, "तुम्हांला सलतें तें काय?" ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी चार महिने अंथरुणावर होतों, पण तो एकदांही चौकशीला आला नाहीं." हें दुःख खरें होतें, परंतु त्यावर कोणत्याही अपील-कोर्टाजवळ औषध नाहीं. निराळा प्रश्न असा कीं, तेल केव्हां सांडलें हें घसरणाऱ्यानें कसें जाणावें? लिव्हरपूल येथील टेस्कोच्या दुकानांत १९७४ सालीं सांडलेल्या दह्यावरून एक बाई पडली, तेव्हां जमीन स्वच्छ ठेवण्याची आपली व्यवस्था नीट होती हें दुकानानेंच दाखवावें, असें तेथील अपील-न्यायालयानें बहुमतानें ठरविलें. इंग्लंडांतील निकाल आपल्या न्यायालयांस बांधीत नाहीं; तरीही हा प्रश्न वरिष्ठ न्यायाधीशांपुढें मांडण्याजोगा खचित आहे. त्या दुकानांत रोज शेंकडों पाय पडतात.

तेव्हां मीं त्यांस म्हटलें, दुकानदारास नमविण्यासाठीं अपील करावयाचें असेल, तर करूं नका. तोही तुमचा शेजारीच आहे, आणि त्याला पुन्हा कोर्टांत ओढण्यास तुमच्यापाशीं रागापेक्षां चांगलें कारण हवें. पण हा प्रश्न विचारण्यासाठीं करीत असाल, तर पुन्हा हरण्याची तयारी ठेवून अवश्य करा. ज्यास पराभवानंतरही आपलें म्हणणें लोकहिताचें वाटतें, त्यानेंच दुसरी पायरी चढावी.

त्यांनीं मुदतींत अपील दाखल केलें. निकाल अद्याप लागावयाचा आहे, आणि माझा सल्ला बरोबर होता कीं नाहीं, हें त्या निकालावरून ठरेल असें मला वाटत नाहीं.