भिंतीपलीकडची ओल

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीचा उन्हाळा विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगून कळायचा नाही. अनेक वर्षे कूलरवर निभावल्यावर आम्ही घरी वातानुकूलन यंत्र बसवले. वैशाख सुखात गेला. श्रावणात मात्र कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे काळपट ठिपके उमटले आणि खोलीत कुबट वास येऊ लागला. पावसाची ओल असेल, असे म्हणून आम्ही भिंत पुसली व वर रंग दिला. महिन्याभरात रंगाचे पोपडे निघाले. ठिपके पुन्हा हजर.

अखेर कारागिराने यंत्र उघडले. हवा गार होताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे बाहेर पडते. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत हे पाणी थोडे असते, पावसाळ्यातील दमट हवेत पुष्कळ. आमच्या नळीचा उतार चुकला होता, आत गाळ धरला होता. पाणी भिंतीत मुरत होते आणि दोष आम्ही पावसाला देत होतो. ओल आहे तोवर बुरशी रंगाखालूनही वर येते.

नळी दुरुस्त झाली. परंतु ती भिंत सामाईक होती. पलीकडे शेजारच्या काकांच्या खोलीतही तसेच डाग होते आणि आपली गच्ची गळते, या समजुतीने त्यांनी तिच्यावर खर्चही केला होता. आता डाग वाळणार होते. कोणाला काही कळणार नव्हते. प्रश्न असा, की दोष दूर केल्यावर तो कबूल करण्याची गरज उरते काय?

लेवीय ग्रंथाच्या १४ व्या अध्यायात भिंतीवरील चट्ट्यांविषयी नियम आहेत. याजकाने पाहणी करावी, घर सात दिवस बंद ठेवावे, चट्टा पसरल्यास दगड काढून, भिंत खरवडून नवा गिलावा करावा. तरीही तो परतला तर घर पाडावे. या विधीचा आरंभ मात्र घरधन्याने स्वतः जाऊन सांगण्यापासून होतो. शिवाय सामान अशुद्ध ठरू नये म्हणून पाहणीपूर्वीच ते बाहेर काढू दिले जाते. नियम कडक आहे. पण सांगणाऱ्याला बुडवणारा नाही.

गुपचूप सुधारणा करणे यातच नम्रता आहे, असे आम्ही मनाला समजावून पाहिले. पण काकांचा चुकीचा समज आता आमच्या मौनावर टिकून होता. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात (परिच्छेद १४५९) म्हटले आहे, की क्षमेने पाप जाते. पण शेजाऱ्याची हानी शक्य तितकी भरून देणे उरतेच. जक्कयानेही प्रभूसमोर मोघम पश्चात्ताप केला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट देईन, असे तो बोलला.

एका संध्याकाळी आम्ही काकांकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अन् मी तिकडं पावसाले शिव्या देत होतो!" गच्चीचा खर्च त्यांनी घेतला नाही. गिलाव्याचा मात्र घेतला. दिवाळीपूर्वी एकाच गवंड्याने भिंतीच्या दोन्ही बाजू खरवडल्या. ती पुरती वाळेपर्यंत दोन्ही घरांनी रंग देण्याची घाई केली नाही.