फाळका किती उंच?

‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो परका आहे हे कुणाला सांगूनही खरं वाटत नाही. घर बदलायचं तर टेम्पो, गणपती आणायचा तर टेम्पो, वरातीत डीजे बसवायचा तरी टेम्पोच. मुळात ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीचं ब्रँडचं नाव. १९५८ साली फिरोदियांनी या कंपनीशी करार करून ‘बजाज टेम्पो’ उभी केली आणि मुंबईत गोरेगावला हॅन्सियाट नावाची तीनचाकी मालगाडी बनायला लागली. कारखाना पुढे पुण्याजवळ आकुर्डीला आला. २००५ मध्ये कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण तोवर आपण टेम्पोला ब्रँडमधून सोडवून भाषेत आणलं होतं. आमच्या नागपुरात तर याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं नाव अजून चालतं. समोर उभी गाडी कुठल्याही कंपनीची असो, बोलावताना ‘एक मेटॅडोर पाठवा’ असंच म्हणतात.

या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट समान होती. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जायची. हॅन्सियाटमध्ये इंजिन थेट पुढच्या एकुलत्या चाकाच्या डोक्यावर बसायचं आणि तेच चाक गाडी ओढायचं. १९६९ मध्ये आलेली मॅटाडोरही पुढूनच ओढणारी. जगातल्या बहुतेक मालगाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जातात. या वेगळ्या होत्या आणि मला या वेगळ्यांचं वेड आहे. फ्रान्सची सिट्रोएन एच (१९४७ ते १९८१), अमेरिकेत पेनसिल्वेनियाच्या कारखान्यात बनलेला फोक्सवॅगन रॅबिट पिकअप, तीनच वर्षं टिकलेला डॉज रॅम्पेज, ब्राझीलमध्ये २०२१ पासून सलग काही वर्षं सगळ्यात जास्त विकली गेलेली फियाट स्ट्राडा. मित्र विचारतात, थार आवडत नाही का? आवडते की. पण रात्री साडेबाराला मी फोनवर झूम करून बघत असतो तो रॅम्पेजचा मागचा ॲक्सल.

मग अधूनमधून प्रश्न पडतो. मालगाडी ही कुणाच्या तरी पोटाची गोष्ट आहे. हॅन्सियाट चालवणाऱ्याला त्या टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज आणि धूर दिवसभर सोसावा लागायचा. मी एसी ऑफिसात बसून त्याच गाडीला ‘क्यूट’ म्हणतो. दुसऱ्यानं जिच्यासोबत घाम गाळला ती वस्तू आपण हौस म्हणून आवडून घ्यावी का? आणि घ्यायचीच असेल तर कशी?

आधी थोडं गणित, कारण उत्तराची वाट तिथूनच जाते.

समजा एक छोटा पिकअप रिकामा असताना १,००० किलोचा आहे. इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या चाकांवर ६०० किलो, मागच्यांवर ४००. चाकाची पकड त्याच्यावरच्या वजनावर ठरते. म्हणजे रिकामी असताना पुढून ओढणाऱ्या गाडीकडे ६० टक्के वजनाची पकड आहे, मागून ढकलणारीकडे ४०. आता मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर ७०० किलो माल टाका. एकूण १,७००. पुढे अजून ६००च, म्हणजे साधारण ३५ टक्के. मागे १,१००, म्हणजे ६५. चित्र उलटलं. माल ॲक्सलच्या आणखी मागे सरकला किंवा चढ लागला तर पुढची चाकं अजून हलकी होतात. बैलगाडीवाल्यांकडे याला कधीपासून शब्द आहे: गाडी उलाळ झाली. मागे भार जास्त झाला की जू बैलाच्या मानेवरून उचलायला लागतं आणि बैल असून नसल्यासारखा होतो.

म्हणजे पुढून ओढणारा पिकअप नेमका काम असतानाच कमजोर पडतो. मग कुणी तो बनवलाच का? एक कारण स्वस्ताई. कारचा पुढचा भाग आयता घ्यायचा आणि मागे हौदा जोडायचा. दुसरं कारण मला जास्त भावतं. ताकद मागे न्यायची नसल्यामुळे गाडीखालून लांब शाफ्ट जात नाही, मागे डिफरन्शियलचा गोळा नसतो. त्यामुळे हौद्याचा तळ खाली आणता येतो. सिट्रोएन एचची ख्याती याच खालच्या सपाट तळासाठी होती.

माझा सिद्धांत तयार झाला: मागून ढकलणारी गाडी मालकाचा विचार करते, पुढून ओढणारी हमालाचा. पकड वाढली की खेपेमागे जास्त माल जातो, तो फायदा मालकाचा. तळ खाली आला की पाठ वाचते, तो फायदा चढवणाऱ्याचा. पण गाडी विकत घेतो मालक. म्हणून बाजारात पकड जिंकली. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला तो मागच्या चाकांची ताकद घेऊन, आणि त्यानं रस्ता व्यापला.

हा सिद्धांत मी आजोबांना ऐकवला. आजोबा इतवारीत हमाल होते. ज्या काळात १०० किलोचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणं नेहमीचं होतं, त्या काळातले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं शिफारस केली होती की एका प्रौढ पुरुषानं एकट्यानं न्यायचं ओझं ५५ किलोपेक्षा जास्त नसावं. १९६९ मध्ये, मॅटाडोर आली त्याच वर्षी, महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी कायदा झाला. हे सगळं मी वाचलेलं, त्यांनी पाठीवर घेतलेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हे सारं ठीक हाय, पण फाळका किती उंच हाय?”

मी म्हटलं, तेच तर, खाली असतो.

“चढवताना खाली बरा. फळी लावा लागत नाही. कट्टा घेऊन फळीवर चढलं का गुडघे जाते. पण उतरवताना उंच बरा, सरळ पाठीवर घेता येते. खाली असला तं वाकून उचला लागते.” मग थोडं थांबून, “तुले हे कोनी सांगितलं नसन.”

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. हे कुठल्या ब्रोशरमध्ये नसतं आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुठल्या पेपरात आलं नाही. मी गणित करून पाहिलं. ६० किलोचा माणूस, ५० किलोचा कट्टा, फाळक्याच्या उंचीत ३० सेंटिमीटरचा फरक, दिवसाला २०० खेपा. जास्तीचं काम भरतं साधारण १५ किलोकॅलरी. शरीर खर्चाच्या चौथाईच कामात बदलतं असं धरलं तरी ६०. एका केळ्यात याहून जास्त ऊर्जा असते. हिशेब म्हणतो, फरक नगण्य. आजोबांचे गुडघे वेगळं सांगतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त हिशेबात गुडघा नावाचा रकाना नाही.

इथे मला हौसेच्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागतं. एखाद्या कामाच्या वस्तूवर प्रेम करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते तिला काम करणाऱ्यापासून सोडवून नुसती शोभेची करण्यात. हौशी माणसाकडे एक दुर्मीळ गोष्ट असते: फुकटचं, चिवट लक्ष. दुसरं कुणी ज्या ॲक्सलकडे ढुंकून बघणार नाही, त्याच्यासाठी तो रात्र घालवतो. तेच लक्ष त्यानं एक पाऊल पुढे न्यायचं असतं. हा ॲक्सल इथे का? कुणाच्या सोयीसाठी? कुणाला विचारून?

याची उलट बाजूही आहे आणि ती झटकून चालणार नाही. छोटा हत्ती आला तेव्हा कितीतरी तीनचाकीवाल्यांनी आनंदानं गाडी बदलली. चार चाकांची गाडी म्हणजे गावात पत. संत्र्यांचे क्रेट भरून काटोलकडून कळमन्याला येणारा माणूस बागेतल्या चिखलात रुतू नये म्हणून मागची ताकद मागत असेल, तर तो हमालाचा शत्रू ठरत नाही. त्याचीही पहाट आहे, त्याचाही हप्ता आहे. जुनं ते दयाळू आणि नवं ते निर्दय, ही मांडणी फक्त ज्यांना दोन्ही चालवायचं नाही त्यांनाच परवडते. रचनेत काहीतरी मिळवायला काहीतरी सोडावंच लागतं. प्रश्न एवढाच की सोडायचं काय हे ठरवताना खोलीत कोण होतं.

हे मला आत्ता का टोचतंय तेही सांगतो. आमची टीम गोदामांसाठी ॲप बनवते. त्यात ठरावीक वजनापुढचा नग आला की स्क्रीन थांबते: ‘जड नग. दोघांनी उचला.’ दुसऱ्यानं स्वतःचा कोड स्कॅन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका ग्राहक कंपनीला ही स्क्रीन काढून हवी आहे, कारण दर वेळी अर्धा-पाऊण मिनिट जातं. पैसे तेच देतात. स्क्रीन ज्याची पाठ वाचवते तो पोरगा कुठल्याच कॉलवर नसतो. बदल सोपा आहे, कोडच्या तीन-चार ओळी. काम माझ्या नावावर आहे.

मी त्या कामाखाली लिहिलंय की उचलणाऱ्या चार-पाच जणांना आधी विचारू या, ॲप चालू असताना त्यांच्या बाजूला उभं राहू या. कदाचित ते म्हणतील, स्क्रीनचा जाचच होतो, दुसरा माणूस जागेवर नसतोच, वजनाची मर्यादा बदला किंवा आधी माणसं वाढवा. आजोबांसारखं मला न सुचलेलं काहीतरी सांगतील. मॅनेजर म्हणाला, वेळ नाहीये रे. मी म्हटलं, एक दिवस. अजून ठरलेलं नाही. ग्राहक अडून बसला तर काम दुसऱ्या कुणाला जाईल, आणि त्या तीन-चार ओळी कुणालाही जमतील.

तोवर मी तो बदल केलेला नाही. गुरुवारी पुन्हा कॉल आहे.