सारथ्याचा धर्म

महाभारताच्या वनपर्वात एक लहानसा प्रसंग आहे. शाल्वाशी युद्ध करीत असता प्रद्युम्न प्रहाराने मूर्च्छित होतो आणि त्याचा सारथी रथ रणांगणाबाहेर नेतो. शुद्धीवर येताच प्रद्युम्न त्याच्यावर संतापतो. रणाकडे पाठ फिरवणे यादवांच्या कुळाला शोभत नाही. आता मी स्वजनांना तोंड कसे दाखवू, असे तो विचारतो. रथी भान हरपून पडला असता त्याचे रक्षण करणे हा सारथ्याचा धर्मच होय, एवढेच सारथी नम्रपणे सांगतो.

या कथेचे स्मरण आजच्या क्रीडांगणाकडे पाहताना होते. खेळताना डोक्यावर आघात होऊन मेंदूस जो हादरा बसतो, त्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. कवटी शाबूत असते, रक्त वाहत नाही, पुष्कळदा शुद्धही जात नाही. स्कॅनमध्येही बहुधा काही आढळत नाही. तरीही डोके दुखते, भोवळ येते, उजेड सोसवत नाही, स्मरण आणि अवधान मंदावते. ही लक्षणे कधी काही तासांनी, तर कधी दुसऱ्या दिवशी प्रकट होतात. मग अशा खेळाडूने मैदानावर केव्हा परतावे, आणि ते कोणी ठरवावे?

पडूनही उठणाऱ्याचे आपण कौतुक करतो, आणि ते अयोग्य नव्हे. बोट मोडले असता खेळणारा निदान आपण काय सोसतो आहोत हे जाणून सोसत असतो. मेंदूचे तसे नाही. येथे ज्याने निर्णय करावयाचा, तोच दुखावलेला असतो. ‘मी ठीक आहे’ असे तो सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही. परंतु ती साक्ष जखमी साक्षीदाराची असते. संकट ओळखून त्याला सामोरे जाणे हे धैर्य होय. संकट ओळखण्याची शक्तीच क्षीण झाली असता पुढे टाकलेल्या पावलास धैर्य कसे म्हणावे?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध खेळताना ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर असता जोफ्रा आर्चरचा वेगवान चेंडू त्याच्या मानेवर आदळला. तो कोसळला, मैदानाबाहेर गेला, तपासण्यांत उत्तीर्ण झाला आणि थोड्याच वेळाने पुन्हा खेळावयास येऊन ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लक्षणे दिसली. त्याला सामन्यातून काढण्यात आले, आणि पुढच्या कसोटीसही तो मुकला. तज्ज्ञांनी तपासूनही जे त्या दिवशी दिसले नाही, ते खेळाडूला स्वतःला कसे उमगावे?

म्हणूनच आजचे वैद्यकशास्त्र सांगते की, नुसता संशय आला तरी त्या दिवशी खेळ बंद. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग चालणे, हलके धावणे, टकरीचा संभव नसलेला सराव, आणि डॉक्टरांच्या संमतीनंतरच पूर्ण खेळ. लक्षणे बळावली तर एक पायरी मागे. विद्यार्थ्याने आधी अभ्यासास पूर्ववत लागावे, मग सामन्यास. पहिली इजा भरून येण्यापूर्वी दुसरा आघात झाला, तर क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूस प्राणघातक सूज येऊ शकते.

कोणी म्हणेल, शरीर त्याचे, आयुष्य त्याचे. इतरांनी मध्ये का पडावे? हा आक्षेप हलका नाही. परंतु स्वातंत्र्य निर्णयाचे असते, आणि निर्णयासाठी बुद्धी स्वस्थ हवी. ती स्वस्थ होईपर्यंत त्याला थांबवणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य हिरावणे नव्हे, तर त्याच्यासाठी ते जपून ठेवणे होय. शिवाय त्याच्यावर संघाचे ओझेही असते. पूर्वी कसोटीत जखमी फलंदाजाऐवजी दुसऱ्यास फलंदाजी करता येत नसे. तो बसला तर संघ एका गड्याने उणा. १ ऑगस्ट २०१९ पासून अशा इजेपुरता बदली खेळाडू मान्य झाला, आणि स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. योग्य ते करणे सोपे व्हावे अशी व्यवस्था लावणे, हेही समाजाचे नैतिक कर्तव्य आहे.

प्रद्युम्न त्याच युद्धात परतला आणि त्याने शाल्वास हटवले, हे खरे. ती घाई आपण उचलू नये. उचलावयाचे ते सारथ्याचे उत्तर. स्मिथ परतला तो पुढची कसोटी सोडून, आणि त्या डावात त्याने २११ धावा केल्या. परतण्याचा मार्ग बंद होत नाही, तो फक्त काही दिवस लांबतो.

गावच्या मैदानावर डॉक्टर नसतो. तेथे सारथी म्हणजे शिक्षक, कर्णधार, थोरला भाऊ, कुंपणाशी उभी असलेली आई. मुलगा रागावेल, सोबती चिडवतील, कदाचित चषकही जाईल. तो राग प्रद्युम्नाच्या सारथ्यासही चुकला नाही. तो मुकाट्याने सोसून रथ बाहेर काढणे, हे त्यांचे काम आहे.