बहिर्दिशा

आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात शौचास जाण्यासाठी दोन शब्दप्रयोग असत. एक 'परसाकडे जाणे' आणि दुसरा, किंचित अधिक सोवळा, 'बहिर्दिशेस जाणे'. दोन्ही प्रयोग सभ्यतेपोटी जन्मले हे उघड आहे. परंतु त्यांच्या पोटात एक समजूतही दडलेली आहे. घराला एक 'बाहेर' असते, आणि त्या बाहेरच्या दिशेला जे टाकले ते आपले राहत नाही, अशी ही समजूत होय. यज्ञात आहुती देताना यजमान 'न मम' म्हणतो आणि त्या दोन शब्दांनी वस्तूवरील आपले स्वामित्व सोडतो. तूप आणि धान्य यांच्याविषयी हे शब्द उच्चारताना माणसाला थोडे तरी जड जात असावे. मैल्याविषयी मात्र आपण सारेच, कोणताही विधी न करता, प्रत्यही 'न मम' म्हणत असतो. हा त्याग म्हणावयाचा काय? ज्या वस्तूचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडणारच आहे, तिचे स्वामित्व केवळ पाठ फिरवून टाकता येते काय? परसातील टाकीच्या निमित्ताने हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. विषय ओंगळ आहे याची जाणीव आहे. तथापि ज्या भाषेत 'शौच' या एकाच शब्दाचा अर्थ शुद्धताही होतो आणि मलविसर्जनही, त्या भाषेच्या वाचकांनी नाक मुरडण्याचे कारण नाही.

आमच्या गोमंतकात खेड्यापाड्यांतून बहिर्दिशेचा भार डुकरांवर असे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या वाड्यांतून तो माणसांवर असे. टोपलीच्या संडासाला मागच्या बाजूने एक लहान दार ठेवलेले असावयाचे आणि त्या दारापर्यंत एक अरुंद बोळ. घरातील माणसाला मैला उचलणाराचे तोंड दिसू नये आणि त्यालाही घराचा उंबरा दिसू नये, अशी ही रचना होती. वाड्याच्या चौकाची, देवघराची आणि कोरीव खांबांची वर्णने आपल्या साहित्यात विपुल आहेत. या बोळाचे वर्णन आम्हांस क्वचितच वाचावयास मिळाले.

या बोळाला ज्यांनी आपले आयुष्य भिडविले, त्यांत अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव अग्रभागी आहे. कणकवली आमच्या सीमेपासून फार दूर नाही; तेथील गोपुरी आश्रमात त्यांनी केलेल्या संडासांच्या प्रयोगांची आठवण कोकणात अजून निघते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, मैला काढण्याचे काम आपणांस करू द्यावे अशी मागणी त्यांनी केली. सवर्ण कैद्यास ते काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. अप्पांनी उपोषण आरंभिले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात येरवड्यास अन्न सोडले. जे काम एका माणसाच्या कपाळी जन्माने लिहिलेले, तेच दुसऱ्याला मागूनही मिळू नये, हा त्या तुरुंगाच्या नियमाचा अर्थ होता. अप्पांच्या थोरवीविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु डॉ. आंबेडकरांनी काँग्रेस व गांधीजी यांच्या अस्पृश्यविषयक कार्यावर १९४५ साली लिहिलेल्या ग्रंथात जो आक्षेप घेतला, तोही टाळता येत नाही. या देशात माणूस झाडू हाती घेतो म्हणून भंगी ठरत नाही. तो त्या जातीत जन्मतो म्हणून ठरतो, मग झाडू हाती घेवो वा न घेवो, असा त्या आक्षेपाचा आशय. सवर्णाने एक दिवस टोपली उचलली तर ते व्रत होते. ज्याने रोजच उचलावयाची त्याला ते व्रत आहे असे सांगणे ही त्याची थट्टा होय. तेव्हा कामाला पावित्र्य चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. बोळच बुजवावी लागते.

बोळ बुजविण्याचे काम आमच्याकडे पुष्कळसे सेप्टिक टाकीने केले. इंग्लंडातील एक्सेटर नगराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास ही टाकी सिद्ध केली आणि तिला हे नावही दिले. बंद टाकीत मैला साचतो, जड भाग तळाशी बसतो, हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीवाणू त्याचा काही अंश पचवितात आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. यंत्र नको, वीज नको, मनुष्य नको. वर काँक्रीटचे झाकण घातले, त्यावर तुळशीच्या कुंड्या मांडल्या की गृहस्थ मोकळा! पण हे मोकळेपण कितपत खरे आहे? अशा टाकीतून निघणाऱ्या पाण्यातील घाण सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मी कमी झालेली असते. उरलेली जमिनीने निस्तरावी अशी अपेक्षा. आमची जमीन जांभ्याची. जांभ्याला भोके आणि भेगा फार, आणि पावसाळ्यात भूजल इतके वर येते की शोषखड्ड्याचा तळ आणि शेजारच्या विहिरीचे पाणी यांत अंतर असे उरतच नाही. वाड्यावरील दहा घरांच्या दहा टाक्या आणि दहा बांयी यांचे जमिनीखाली काय गूज चालते, ते पंचायतीच्या नकाशात दिसत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. टाकी कधी तरी भरतेच. हवेवाचून कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पुष्कळ झाला की तो घ्राणशक्तीच बधिर करतो, आणि आत उतरलेल्या माणसाला, वास गेला म्हणजे धोका गेला, असे वाटते. एक उतरतो, कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो. अशा बातम्या आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचीत आलो आहोत. मैला वाहून नेण्याच्या प्रथेस १९९३ च्या कायद्याने बंदी झाली. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत संरक्षणावाचून माणूस उतरविणे हा गुन्हा ठरला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, यातच कायद्याची कहाणी आली. बोळ बुजली खरी, पण ती आडवी होती ती उभी झाली, एवढेच अनेक ठिकाणी घडले.

आता नव्या घरांतून हवेची टाकी येऊ लागली आहे. हिचे मूळ तत्त्व १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोन संशोधकांनी मांडले. सांडपाण्यातून हवा खेळविली की ते शुद्ध होते, हे आधीही ठाऊक होते. मात्र त्यास आठवडे लागत. या दोघांनी तळाचा गाळ फेकून न देता राखून ठेवला आणि त्याच गाळावर पुन्हा पुन्हा नवे सांडपाणी घेऊन हवा दिली, तेव्हा आठवड्यांचे काम तासांवर आले. जो गाळ म्हणून आजवर टाकीत आले, त्यातच शुद्ध करणारे जीव वाढत होते! त्यांना या दिशेस लावणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत प्राध्यापक म्हणून आले, म्हणजे हे ज्ञान आपल्या दाराशी येऊनही शतक उलटले.

अशी टाकी पदरी बाळगणे म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तिचे तीन कप्पे असतात. पहिल्यात जड भाग बसतो, दुसऱ्यात लहानसा पंप अहोरात्र हवा सोडतो, तिसऱ्यात पाणी निवळते, आणि मग क्लोरीनच्या वड्यांवरून ते बागेस जाते. नीट चालली तर घाणीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग नाहीसा होतो. पण 'नीट चालली तर' या शब्दांत सगळा संसार आहे. पंपाची घरघर थांबली की काही तासांत आतले जीव गुदमरू लागतात, आणि आषाढातल्या पावसात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे का सांगावयास हवे? हवेची गाळणी महिन्यातून एकदा ब्रशाने झाडावी लागते. मधल्या कप्प्यातील पाणी काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास ठेवावे. गाळ तपकिरी असून खाली बसला, वर पाणी निवळ राहिले आणि वास ओल्या मातीचा आला, तर प्रकृती ठीक. काळसर रंग व कुजका वास आला तर हवा कमी पडते आहे. मोरीत ॲसिड ओतावयाचे नाही, फिनेलचा मारा करावयाचा नाही, तळणीचे तेल सोडावयाचे नाही. क्लोरीनच्या वड्या सांडपाण्यासाठीच बनविलेल्या हव्यात. जलतरण-तलावाच्या निराळ्या, आणि दोन्हींची सरमिसळ तर स्फोटक ठरू शकते. चवथीला घरी पंचवीस पाहुणे उतरले की टाकीलाही चवथ करावी लागते. भूतयज्ञ म्हणून दारात मूठभर भात ठेवणाऱ्या आपल्या आज्यांस या अदृश्य भूतांची निगा सहज समजली असती, असे आम्हांस कधी कधी वाटते.

पुष्कळजण याला या टाकीचा दोष म्हणतात. जुनी बरी होती, तिच्याकडे बघावे लागत नसे! आमच्या मते तिचे नैतिक मूल्य नेमके येथेच आहे. जुनी टाकी गृहस्थाला विसरू देत होती आणि त्या विस्मृतीचे मोल शेजारची विहीर व आत उतरणारा माणूस देत होते. ही टाकी विसरू देत नाही. आपण जे टाकले ते अजून आपल्याच आवारात, आपल्याच खर्चाने श्वास घेत आहे, हे ती रात्रंदिवस घरघरून सांगते.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याला परवडते त्याने यंत्र घ्यावे, वार्षिक करार करावा आणि पुन्हा विसरावे. मग जुन्या टोपलीत आणि या करारात फरक तो काय राहिला? आक्षेप खोटा नाही. अमेरिकेतील टेक्सस राज्यात, जेथे चिकणमातीत पाणी जिरत नाही म्हणून अशा टाक्या पुष्कळ आहेत, पहिली दोन वर्षे बसविणाऱ्यानेच देखभाल करावी असा नियम आहे. जपानात १९८३ पासून घरगुती जोकासो टाक्यांसाठी स्वतंत्र कायदा असून दरवर्षी तपासणी आणि सफाई मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे सुजाण समाजांनीही हे काम जाणत्यांकडेच सोपविले. सोपविण्यात आम्हांस अधर्म दिसत नाही. केस कापणे, दात काढणे आपण सोपवितोच. परंतु काम सोपविणे वेगळे आणि ते कसे होते हे आपणांस कळू नये यासाठी पैसे देणे वेगळे. टोपलीचा व्यवहार दुसऱ्या प्रकारचा होता. करार पहिल्या प्रकारचा ठरतो की दुसऱ्या, हे मालकाला तीन साध्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक आहेत की नाहीत यावरून समजावे. आत कोणी माणूस उतरतो काय? निघालेले पाणी कोठे जाते? आणि गाळ नेणारा टँकर तो कोठे रिकामा करतो? हवेच्या टाकीतूनही दोन-तीन वर्षांनी गाळ काढावाच लागतो, आणि टँकर काळोखात एखाद्या खाजनाच्या कडेला रिता झाला तर घरातील साऱ्या शुद्धीचे काय? शुद्धीकरण केंद्रापर्यंतची फेरी महाग पडते. ते भाडे घराच्या खर्चात धरलेले आम्ही फारच थोड्या ठिकाणी पाहिले.

आमच्या गोव्यापुरती एक अडचण आणखी आहे आणि तिचे उत्तर आम्हांपाशी तयार नाही. येथील कितीतरी घरे वर्षातले दहा महिने बंद असतात. मालक मुंबईस, लिस्बनला किंवा लंडनला. घर बंद म्हणजे टाकीला अन्न नाही. पंप चालू ठेवला तरी आतले जीव उपासाने क्षीण होतात. मग नाताळात कुलूप निघते, एका दिवसात पंधरा माणसे येतात आणि अर्धमेल्या टाकीतून जे बाहेर पडते ते उतारावरच्या घराकडे वाहते. किल्ली सांभाळणारा शेजारी बहुधा त्या उतारावरच्याच घरातला असतो. मालक येण्यापूर्वी पंधरवडाभर त्याने पंप पाहावा, गाळणी झाडावी, आधीपासून थोडे थोडे सांडपाणी सोडून टाकी जागी करावी, अशी अपेक्षा काही मालक करतात आणि त्याचे चार पैसेही देतात. इतर मालक त्याला फक्त झाडांना पाणी घालावयास सांगून जातात.