अन्न आणि स्वभाव

एखाद्या मनुष्याचा स्वभाव वाईट आहे असें म्हणण्यापूर्वीं त्याच्या पोटांत काय गेलें आहे हें विचारावें काय? कित्येक वाचकांस हा प्रश्न विचित्र वाटेल. चिडखोरपणा व उदासपणा हे मनाचे दोष होत, ते ज्याचे त्यानें आवरावे, अशी आमचीही समजूत होती.

इ. स. १९४४ च्या नोव्हेंबरांत, महायुद्ध चालू असतां, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत डॉ. ॲन्सेल कीज ह्यांनीं एक प्रयोग आरंभिला. उपासमार झालेल्या लोकांस पुन्हां कसें पोसावें, हें त्यांस जाणावयाचें होतें. सद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्याचें नाकारणारे ३६ तरुण आपण होऊन पुढें आले. त्यांत पुष्कळ जण क्वेकर, ब्रदरन व मेनोनाइट मंडळ्यांचे होते. शरीरानें व मनानें धडधाकट असेच पारखून घेतलेले. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांस पूर्वीच्या सुमारें निम्मेंच अन्न मिळालें. बटाटे, सलगम, पाव असें कांहीं.

त्यांचें वजन चतुर्थांशानें घटलें, हें अपेक्षितच होतें. परंतु थट्टाविनोद बंद पडला, सोबत नकोशी झाली. कित्येक जण पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसत व ताटें चाटीत. शत्रूवरही हात न उचलणारे हे लोक क्षुल्लक गोष्टींवरून एकमेकांवर खेंकसूं लागले! एकानें तर कुऱ्हाडीनें आपलीं तीन बोटें तोडलीं. तें अपघातानें कीं जाणूनबुजून, हें त्याचें त्यालाही सांगतां येईना. अन्न वाढविल्यावरही मनें लागलींच सुधारलीं नाहींत.

हें परदेशचें झालें. आपल्या दख्खनच्या पठारावर केवळ जोंधळ्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नांवाचा रोग आढळे, हैदराबादेस डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याचा अभ्यास केला. त्यांत उन्हांत उघडी राहणारी कातडी काळवंडते, आणि मनही खिन्न होतें. निआसिन हें जीवनसत्त्व दिल्यानें दोन्ही सुधारतात.

मग सर्व दोष पोटावर ढकलावा काय? तसें नव्हे. भरल्या पोटाचे दुष्ट आपण नित्य पाहतों. आणि त्या ३६ जणांपैकीं बहुतेकांनीं, मन खचलें तरी, अंगीकारलेलें काम शेवटास नेलें. मात्र बोध आधीं कीं भाकरी आधीं, ह्याविषयीं आम्हांस आतां संशय उरला नाहीं.

एका सुनेस तिच्या तुसडेपणाबद्दल आम्हीं चार लोकांत बोल लाविला होता. ती सर्वांस वाढून मागाहून जेवावयास बसे. त्या वेळीं टोपल्यांत काय उरत असे, हें आम्हीं विचारलें नव्हतें.