सुगंधावर हक्क कोणाचा?

माणूस घर बदलतो तेव्हा सामानाबरोबर आपल्या आवडीनिवडीही नेतो. नव्या घरात त्यांना जागा मिळतेच असे नाही. हा अनुभव आम्हाला एका मोगऱ्याने दिला आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. आवडती वस्तू तिच्या स्वभावाविरुद्ध आपल्याजवळ ठेवून घेणे, याला प्रेम म्हणावे काय?

आमचे बालपण वसईच्या एका वाडीत गेले. बावखलाच्या काठाने मोगरा होता, घरामागे सोनचाफा. पहाटे कळ्या खुडायच्या आणि गाडीने दादरच्या फुलबाजारात पाठवायच्या, हा घरचा क्रम होता. पुढे वाडीच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेत राहावयास आलो. येताना आईने मोगऱ्याचे एक रोप कुंडीत लावून बरोबर आणले.

नव्या घराची गॅलरी उत्तरेकडे तोंड करून होती आणि समोर दुसरी इमारत उभी होती. मोगऱ्याला दिवसाकाठी निदान पाच-सहा तासांचे ऊन हवे असते. झाड आपले अन्न पानांत तयार करते ते प्रकाशाच्या बळावर. ते अन्न अपुरे पडले की झाड आधी जगण्याची सोय पाहते, फुलण्याची नव्हे. आमच्या मोगऱ्याने तेच केले. उजेडाच्या शोधात त्याने लांबलचक, अशक्त फांद्या गजांबाहेर काढल्या, पण कळी धरली नाही. आम्ही खत वाढविले, छाटणी केली, मोठी कुंडी आणली. तीन उन्हाळे असेच गेले.

चौथ्या वर्षी आई म्हणाली, "त्याला कशाला कोंडून ठेवलंय? उन्हात नेऊन द्या कोणाला तरी."

एवढेच बोलून ती आत गेली. परंतु तिच्या बोलण्यात केवळ झाडाविषयीची कळकळ नव्हती, हे आम्हाला उमगले आणि मनाला लागले. तीही अंगण सोडूनच येथे आली होती. तिच्या औषधपाण्यात, जेवणखाणात आम्ही काही उणे पडू दिले नव्हते. मोगऱ्यालाही खतपाण्याची वाण नव्हती. झाडाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या पानांकडे पाहून ओळखावे लागते. माणसाला विचारता येते, तरीही "तुला येथे करमते का?" हा प्रश्न आम्ही तिला एकदाही विचारला नव्हता.

मोगरा चुलतभावाच्या वाडीत गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात कळ्यांनी लगडला. दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर आईला तेथे न्यायचे, असे आम्ही ठरविले. ती स्वतःच्या हाताने कळ्या खुडते, दुपारी तेथेच जेवते आणि संध्याकाळी आनंदाने घरी परतते.

रिकाम्या गॅलरीत काय लावावे, हा विचार त्यानंतर आला. या खेपेस आम्ही आपली आवड बाजूला ठेवून आधी जागा न्याहाळली. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. त्या दिवसांत उत्तरेच्या गॅलरीलाही थोडे ऊन मिळते. एरवी असतो तो केवळ उजेड. एवढ्यावर समाधान मानणारी सुगंधी झाडेही आहेत. सोनटक्का आल्याच्या कुळातला. ओलसर माती आणि विरळ सावली त्याला मानवते व पावसाळ्यात तो पांढरी, फुलपाखरासारखी फुले देतो. कुंती ही लिंबाच्या कुळातली. ती एकाएकी पांढऱ्या फुलांनी भरून येते आणि दोन दिवसांत पाकळ्यांचा सडा घालून मोकळी होते. अनंतालाही कडक ऊन नको असते, मात्र भरपूर उजेड आणि थोडी आम्लधर्मी माती लागते. हे तिन्ही आम्ही लावले.

रातराणीही अर्धवट सावलीत फुलते आणि ती लावण्याचा मोह आम्हाला झाला होता. परंतु शेजारच्या घरातील एका वृद्धांना दमा आहे आणि उग्र वासाने दम्याचा त्रास बळावू शकतो. शिवाय तिची फळे विषारी असतात आणि मजल्यावर लहान मुले आहेत. कुंडी आमची, माती आमची, पाणीही आमचे. पण दरवळ गॅलरीच्या कठड्यापाशी थांबत नाही. आपल्या घरातून जे दुसऱ्याच्या घरात शिरते, त्याविषयी त्यालाही विचारावयास हवे. रेडिओच्या आवाजाबद्दल हे आपण मान्य करतो. सुगंध ही चांगली गोष्ट असल्यामुळे त्याबद्दल विसरतो. चांगल्या गोष्टीही दुसऱ्यावर लादता येतात, हे ध्यानात यावयास आम्हाला रातराणी लागली.

जागेप्रमाणे आवड बदलणे ही हार आहे, असे कोणी म्हणेल. आम्हालाही काही काळ तसेच वाटले. परंतु हार मानणारा कुंडी रिकामी ठेवतो. जागा ओळखणारा मोगऱ्याला उन्हात पाठवितो आणि सावलीत सोनटक्का लावतो. दोघांनीही आपली मर्यादा मान्य केलेली असते; पण दुसऱ्याच्या घरी फूल येते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, झाड विकत आणण्यापूर्वी एक दिवस आपल्या गॅलरीत उभे राहून उजेड केव्हा येतो आणि कोठवर पोहोचतो, ते पाहावे. शेजाऱ्याचे दार एकदा ठोठवावे. आणि ज्यांना आपण प्रेमाने आपल्या घरी आणले आहे, त्यांनाही एकदा जवळ बसून विचारावे. आमच्या सोनटक्क्याला गेल्या श्रावणात पहिले फूल आले, तेव्हा आईने ते शेजारच्या त्या वृद्धांना नेऊन दाखविले. वास सोसतो ना, हे तिने आधी विचारले आणि मगच फूल त्यांच्या हाती दिले.