गळकी टाकी कोणाची?

स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तर बहुतेक घरांत त्याच दिवशी कोणीतरी पान्हा शोधतो. निदान नळाला चिंधी तरी बांधतो. परंतु संडासच्या फ्लशची टाकी गळत असेल तर ती दोन-दोन वर्षे गळते. रात्री सारे शांत झाले की बारीक धारेचा आवाज येतो, घरातील मंडळी तो ऐकतात आणि कूस बदलतात. दोन्हीकडे पाणी तेच, वरच्या एकाच टाकीतून आलेले. मग आपली काळजी अशी निरनिराळी का, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

आधी हिशेब करू. पेल्याने मोजले आणि पाच मिनिटांत २०० मिलिलीटरचा पेला भरला, तर ती धार अगदी किरकोळ म्हणावी लागेल. पांढऱ्या भांड्यावरून उतरताना ती नीट दिसतही नाही. पण दिवसात असे २८८ पेले होतात, म्हणजे ५७ लिटरांहून अधिक पाणी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी हे माप ठरवले आहे. पिणे, रांधणे, आंघोळ, धुणे, सारे त्यातच. तेव्हा घरात एक जास्तीचे माणूस राहते, जे पाणी तर घेते पण पीत नाही, नाहत नाही, असेच समजावे.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला आहे. हा संत्र्याचा मुलूख. ज्याने आंबिया बहार घेतला, त्याला भर उन्हाळ्यात झाडे जगवावी लागतात, आणि तेव्हा विहिरीच्या तळाकडे पाहून माणसाच्या पोटात कसे कालवते ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. ठिबकचा साधा ड्रिपर तासाला ४ लिटर पाणी देतो. वर सांगितलेली धार तासाला सुमारे अडीच लिटरांची आहे. मळ्यात थेंब मोजणारा तोच शेतकरी घरी आला की ही धार मोजत नाही. तो आळशी आहे असे कोण म्हणेल?

यावर तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, ‘नळाचे पैसे आम्ही भरतो.’ खरे आहे, परंतु जेथे मीटर नसून महिन्याचा आकार ठरलेला असतो, तेथे जास्तीच्या पाण्याचा दाम आपण भरीत नाही. ओळीच्या शेवटच्या घरी नळ लवकर जातो, दाम तेथे भरला जातो. दुसरे, ‘घर भाड्याचे आहे, घरमालक पाहील.’ वस्तू मालकाची हे कबूल. पण आवाज ज्याच्या कानी पडतो तो भाडेकरू, आणि त्याने निदान सांगावे तरी. (वायसरच्या किमतीवरून या दोघांत महिनाभर अबोला चालावा हे मला विनोदीही वाटते आणि दुःखाचेही.)

तिसरे उत्तर विचार करण्याजोगे आहे. ‘पाणी नाहीसे थोडेच होते? जमिनीतच जाते ना!’ होय, जाते. पण कोणत्या वाटेने? ते आधी सेप्टिक टाकीत जाते. तेथे मैला खाली बसायला वेळ लागतो. स्वच्छ पाणी रात्रंदिवस आत येत राहिले की तो वेळ मिळत नाही, गाळ पुढे सरकतो आणि शोषखड्डा तुंबतो. मग झाकण उघडायला माणूस बोलवावा लागतो. तो माणूस कोण असतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. हाताने मैला उचलण्यास १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली अधिक कडकपणे कायद्याने बंदी आली. साधनांवाचून गटारात वा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणेही गुन्हा ठरले. तरी माणसे उतरवली जातात, आणि आतल्या वायूने गुदमरून मरतातही.

येथे खरी गाठ सापडते. फ्लशच्या टाकीतले पाणी माठातल्या पाण्याइतकेच नळाचे असते. घाण तिच्या खाली, भांड्यात. तिच्यात हात घातल्याने काही विटाळत नाही. तरी हात पुढे होत नाही, कारण त्या खोलीचे काम ‘आपले’ नव्हे हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. देवळात शेजारी बसणाऱ्यास भाऊ म्हणणाऱ्या मंडळीतही ही शिकवण पूर्ण पुसली गेलेली नाही. ब्रश कोणाच्या हाती जातो ते पाहिले की कळते.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात, बाराव्या वचनापासून, छावणीच्या शौचाविषयी आज्ञा आहे. हा भाग आपण सहसा वाचून दाखवीत नाही. शौचाची जागा छावणीबाहेर असावी, प्रत्येकाने आपल्या सामानात खणण्याचे हत्यार बाळगावे आणि आपला मळ आपणच झाकावा, कारण परमेश्वर त्या छावणीतून फिरतो. या कामासाठी वेगळा वंश नेमलेला नाही. लेव्यांना पुष्कळ कामे वाटून दिली होती, पण हे काम येथे ज्याचे त्याच्याकडेच ठेवले आहे.

कोणी म्हणेल, नगरपालिकेची मोठी नळवाहिनी रस्त्यात फुटून वाहते त्याचे काय? त्यापुढे आपली टाकी म्हणजे काहीच नव्हे, हे मान्य. घरची टाकी दुरुस्त करून त्या फुटक्या वाहिनीविषयी गप्प बसायची मोकळीक मिळत नाही. तेथेही अर्ज करावा, चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवतो. मुलांना घरी हा प्रयोग करायला सांगा: टाकीत थोडी निळी शाई टाकायची आणि पंधरा मिनिटे फ्लश ओढायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर टाकीतून गळती आहे. मग आत पाहावे. उंच नळीच्या तोंडातून पाणी आत जात असेल तर बॉलकॉक वेळेवर बंद होत नाही. फुगा फुटला आहे का पाहावे, नसल्यास दांडी किंवा स्क्रू असा बसवावा की पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबेल. नळीत पाणी जात नसूनही रंग उतरला, तर तळाचे वायसर कडक झाले असेल, किंवा बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्याखाली साचला असेल. बाजूची तोटी बंद करावी, फ्लश ओढून टाकी रिकामी करावी, क्षार लिंबाच्या रसाने घासून काढावा. जुने वायसर खिशात घालून दुकानात न्यावे. नुसते माप सांगितले तर दुकानदार हमखास दुसरेच देतो.